शौचालयाच्या आडोशाचा वारा

मित्रांनो, मी एक जुना वारामापक आहे आणि गेले काही महिने मला माझ्याच अंगाची शिसारी येते. दांड्यावर फिरणाऱ्या तीन काळ्या वाट्या आणि वायरने जोडलेली, आकडा दाखवणारी एक डबी, एवढाच माझा संसार.

कारखान्यात मला एका लांब नळीत ठेवून माझ्यावर ठरावीक वेगाचा वारा सोडला गेला. आकडा बरोबर जुळेपर्यंत तपासनीस बाई जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "आता हा खोटं बोलणार नाही." ते वाक्य मी जपून ठेवले. आता ते टोचते.

उघड्या मैदानावर कार्यक्रम असला की मंचाच्या कापडी छताहून उंच खांबावर मला बांधत. बांधणाऱ्याला सगळे दोरवाले काका म्हणत. जिन्याजवळ सुरक्षा आराखड्याचा कागद टांगलेला असे. वारा तासाला चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला की मंच रिकामा करायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. एवढे मोठे कापड वाऱ्याने शिडासारखे फुगते आणि खांबांना उपटते. काका अधूनमधून डबीत डोकावत. "काय रे चक्रीबाळा, वर काय हालहवाल?" दोनदा माझ्यामुळे कार्यक्रम थांबला. लोक कुरकुरले, पण तेव्हाचे आयोजक काकांच्या पाठीवर थाप मारून गेले.

मग नवे आयोजक आले. "हे वर कशाला? फोटोत दिसतं. आणि उठसूट बोंबलतं."

त्यांनी मला मंचामागे, शौचालयाच्या दोन पत्र्याच्या खोल्यांच्या मधोमध बसवले. तिथे वारा नव्हता, माशा होत्या. कुणी माझ्या वाटीला चघळलेले च्युइंगम चिकटवले, कुणी माझ्यावर ओला हातरुमाल वाळत घातला. पण खरी घाण निराळीच होती. माझा आकडा तिथे अठराच्या वर जात नसे. तो खरा होता, त्या आडोशापुरता. आयोजक तोच आकडा साऱ्या मैदानाचा म्हणून सांगत.

एका दुपारी मंचावर शाळेची चाळीस मुले गायला उभी राहिली. पहिल्या रांगेत काकांची नात होती. वर झेंडे ताठ झाले होते आणि छत फटाफटा आपटत होते.

"साहेब, पोरांना खाली उतरवा," काका म्हणाले.

"यंत्र अठरा म्हणतंय. तुम्ही काय यंत्रापेक्षा शहाणे?"

"संडासात बसून आभाळ दिसतं होय, साहेब?"

"पाहुणे समोर बसलेत. शोभा करू नका."

काकांनी मला उपटले, लांब काठीला बांधले आणि शिडी चढून छताच्या वर धरले. माझ्या वाट्या अशा फिरल्या की च्युइंगम उडून गेले. सत्तेचाळीस! सर्वांत मोठा आकडा माझी डबी धरून ठेवते. काकांनी खाली येऊन डबी थेट मंचावरच्या निवेदिकेच्या नाकासमोर धरली. तिने आयोजकांकडे पाहिलेसुद्धा नाही. "मुलांनो, हात धरा आणि रांगेने खाली चला."

मंच रिकामा झाला. पंधरा मिनिटांत वाराही पडला. छत जागच्या जागी होते.

"बघा! झालं काही?" आयोजक हसले. नात तर रडवेली झाली होती. "आजोबा, तुम्ही माझं गाणं बुडवलंत. मी बोलणारच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना मागच्या खांबाचा दोर धरणारा लोखंडी खुंटा जमिनीतून वर सरकलेला दिसला. आयोजकांनी तो बुटाच्या टोकाने चाचपला.

"वीतभरच आलाय ना? ठोका परत. आणि ते यंत्र त्याच्या जागेवर ठेवा."

ठोकण्याआधी काकांनी नातीला बोलावून आणले. ती अबोला विसरून खाली बसली आणि तिने बोटे ताणून खुंटा मोजला.

"आजोबा, माझ्या हाताने दीड वीत भरतोय."

मला तोवर पुन्हा शौचालयाच्या खोल्यांमध्ये बसवले होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि नाक दाबले. "ह्याला इथं घाणीत का ठेवलंय?"

काका वाकले आणि माझ्या वाट्या पुसू लागले.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे आणि रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे. तुम्ही उघड्या मैदानावर गेलात तर आधी मान वर करून मला शोधा. मी वर दिसलो नाही, तर मोठ्यांना मोठ्याने विचारा की वारामापक कुठे आहे. आणि तोवर माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.