म्हस्कूतात्यांच्या कमरेचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. चुलीपुढचा नव्हे, म्हस्कूतात्यांच्या करदोड्याला लोंबणारा, बोटाएवढा, लोखंडी. इंदापूरच्या बाजारात लोहाराने मला काटे काढायला घडवलं. मेंढरांमागे फिरणाऱ्या तात्यांच्या पायातले बाभळीचे, बोरीचे किती काटे मी उपसले, गणती नाही. काट्यावर माझा राग नाही. तो जागेवरच असतो, माणूसच त्याच्यावर पाय देतो. माझा राग गोचिडांवर आहे.

१९९४ साली डाळजच्या माळावर आमचा तळ होता. मेंढरांना गोचीड झाले म्हणून तात्यांनी सगळा कळप औषधाच्या पाण्याच्या हौदातून काढला. त्यांची कुत्री झिपरी काठावर कपडे राखत बसली होती.

"अवो, हिलाबी धुवा की," त्यांची बायको प्रयागबाई म्हणाली.

"कुत्र्याला कशाला? ते काय लोकर देतंय व्हय?" तात्या हसले.

इथेच चुकलं. जिने दोनदा लांडगा परतवला होता, ती झिपरी पंधरा दिवसांत भाकरी हुंगून मान फिरवू लागली. अंग नुसतं तापलेलं. तात्यांनी पेटती बिडी लावून गोचीड चटकावले, नखांनी उपटले. तोंडं कातडीतच राहिली. प्रयागबाईने दृष्ट काढली. मी कमरेला लोंबत चरफडत होतो. अरे, मी इथं कशाला आहे!

झिपरी उभी राहीना, तेव्हा तात्यांनी तिला खांद्यावर टाकून जनावरांचा दवाखाना गाठला. "कुत्र्याला दवाखाना! म्हाताऱ्याला याड लागलं," माणसं खिदळली. हसा लेको, मी मनात म्हटलं.

डॉक्टरांनी तिचा कान उलटा केला. आत गोचिडांची रांगच.

"गोचीड ताप आहे, तात्या. उशीर केलात." त्यांनी सुई टोचली. मग नजर माझ्यावर आली. "तो चिमटा द्या इकडे. बिडी नको, नख नको. कातडीलगत धरायचं आणि सरळ ओढायचं, पिळायचं नाही. आणि मेंढरांचं औषध हिच्यावर ओतू नका, हिचं वेगळं देतो."

पहिला गोचीड मी अख्खा ओढून काढला. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं!

चौथ्या दिवशी झिपरीने दूधभाकरी चाटली आणि तात्या पोराबाळांदेखत रडले. तेव्हापासून रोज संध्याकाळी तात्यांनी करदोड्यावर मला टिचकी मारून वाजवलं की ती येऊन कान पुढे करायची.

त्याला आता पाच वर्षं झाली. मेंढरं विकली, जळोचीला घर बांधलं. तात्या गेले. परवा सूनबाई सिंधुबाईने मला गंजका म्हणून भंगाराच्या पाटीत फेकलं. मी खणकन वाजलो.

अंगणात पडलेली म्हातारी झिपरी उठली. लंगडत आली आणि पाटीवर मान टाकून तिने कान पुढे केला.

सिंधुबाई बघतच राहिली. मग तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि तो कान उलटा केला. दोन होते आत.

गंज चढलाय मला, पण टोकं अजून जुळतात. तुम्हीही आपल्या कुत्र्याचा कान एकदा उलटून बघा. आणि मला भंगारात टाकायचं असेल, तर आधी झिपरीला विचारा!