ही आमच्याकडे असते

त्र्याऐंशी साली आमच्या रंजीला बघायला देवरूखहून पाहुणे आले. रंजी माझ्या मोठ्या जावेची, विमलावैनीची मुलगी. पण न्हाऊ-माखू घालून वाढवली ती मी. मी घावनं घेऊन ओटीवर गेले, तर मुलाची आई जागा करून देत म्हणाली, "अहो, तुम्ही पण बसा ना. ह्या कोण?"

'माझी जाऊ' म्हणायला वैनीची जीभ झडली असती काय? पण मग माझ्या नवऱ्याची चौकशी झाली असती, आणि त्याने मुंबईत दुसरी केलीय, हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. वैनी म्हणाली, "ही होय? ही आमच्याकडे असते."

एवढ्यानेच ती बाई पुन्हा ऐसपैस बसली. "अगं, पाणी आण जरा."

मी ह्या घरची सून आहे, असं तिच्या तोंडावर सांगणार होते! पण रंजीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. मी पाणी आणलं.

मुलगी पसंत पडली. वैनीने देवापुढे साखर ठेवली, माझ्याही हातावर घातली.

मनात आलं, आता मांडवात रंजीने 'काकी' म्हणून हाक मारली, तरी मला ओ देता येणार नाही.