रफूच्या खोलीची खिडकी

मित्रांनो, परसातल्या भिंतीला टेकवून ठेवलेली ती लाकडी खिडकी म्हणजे मी. माझ्या बिजागऱ्या कोणीतरी काढून नेल्या. समोर, जिथे माझं सारं आयुष्य गेलं, तिथे आता नवी काच आहे.

मला ज्यांनी करून घेतलं ते रफूगार होते. फाटलेल्या कापडात धागा धागा विणून भोक बुजवायचं, ते असं की हात फिरवला तरी कळू नये. त्यांनी सुताराला निक्षून सांगितलं होतं, खिडकी उत्तरेलाच हवी. तिथे ऊन येत नाही, पण उजेड दिवसभर एकसारखा राहतो.

त्यांच्या हाताखाली त्यांची सून तयार झाली. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे आणि गल्ली तिला काकू म्हणे. दिव्याखाली काळा आणि गर्द तांबडा धागा सख्खे भाऊ वाटतात. म्हणून काकू प्रत्येक धागा माझ्याजवळ आणत, कापडावर धरत आणि मगच सुई ओवत. मामंजी गेले, काकूंचे यजमान गेले, लेक लग्न होऊन दूर गेली. काकू आणि मी राहिलो. गिऱ्हाईक रफू शोधायचं आणि सापडला नाही की खूश होऊन जायचं. कौतुक काकूंचं व्हायचं. पण त्या माझी काच ओल्या कागदाने लख्ख पुसायच्या, मला तेवढं पुरे होतं.

माझ्यात खोट नव्हती असं नाही. हिवाळ्यात काकूंनी खोली तापवावी आणि निम्मी ऊब मी फटींतून बाहेर सोडून द्यावी, असं चालायचं.

मग सरकारचा नियम आला. घर किती ऊब धरून ठेवतं ते मोजायचं आणि घराला श्रेणी द्यायची. खालच्या श्रेणीच्या घरात धंदा करायचा नाही. तपासायला आलेला माणूस सभ्य होता. फटी शोधायला त्याने दारात मोठा पंखा बसवला आणि धुराची कांडी माझ्याजवळ धरली. धूर सरळ बाहेर.

"काकू, हिला काढावंच लागेल."

"अहो, हिच्यावर माझं पोट आहे."

"नवीनमधूनही उजेड येईलच की. काच आहे ती, भिंत नव्हे."

काकूंना पटलं. मलाही पटलं. काच म्हणजे काच, एवढंच आम्हा दोघींना ठाऊक.

नवी काच तीन पदरी, न उघडणारी. ऊब अडवायला तिच्यावर एक पातळ थर होता, किंचित हिरवट. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. घराला वरची श्रेणी मिळाली. त्या हिवाळ्यात काकू शाल न घेता बसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस त्यांचं जुनं गिऱ्हाईक, वकीलसाहेब, काळा कोट घेऊन परसात आले.

"काकू, गेल्या महिन्यात तुम्ही रफू केलेला हा खांदा बघा. कोर्टात पोरं म्हणतात, साहेब, तुम्हाला गंज चढला."

काकूंनी कोट उजेडात धरला. काळ्यावर रफूचा तांबूस डाग. त्या आत गेल्या, नव्या काचेशी कोट धरला, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. धागा आत काळा, बाहेर तांबडा; काचेचा हिरवट थर तांबडा रंग गिळत होता. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या, वय होतंच."

"वय झालंय खरं, पण खोट या काचेत आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी त्या तपासनिसाला बोलावलं. त्याने दोन्हीकडे धागा धरून पाहिला.

"तुमचं खरं आहे, काकू. पण आम्ही ऊब मोजतो. रंगाचा रकानाच नाही."

"मग साधी काच बसवा."

"बसवा. पण श्रेणी उतरेल. मग इथे धंदा करता येणार नाही."

"आणि ही असताना मला तो जमणार नाही."

त्याने ते लिहून घेतलं. वर कळवतो म्हणाला. त्याने कळवलंही असेल. उत्तर आलं नाही.

काकू खुर्ची घेऊन परसात, माझ्या शेजारी बसू लागल्या. थंडीने बोटं वळेनात, वाऱ्याने धागा उडे. एकाच कोटावर त्या कितीतरी दिवस अडून राहिल्या. शेवटी लेक आली.

"आई, कशाला जिवाचं रान करतेस? आत बस. किती छान ऊब आहे."

"ऊब आहे गं. करू काय तिच्यात?"

लेकीने खुर्ची उचलून आत नेली आणि काकू तिच्या मागोमाग गेल्या. सुया त्यानंतर बाहेर आल्या नाहीत.

मित्रांनो, मला परत बसवा असं मी म्हणत नाही. मी गळकीच होते. उद्या-परवा भंगारवाला मला नेईल. पण मोठेपणी तुम्ही कोणाच्या घराचं मोजमाप घ्यायला गेलात, तर आधी विचारा की तुम्ही इथे बसून काय करता. आणि ते करतात तसं, त्यांच्या जागेवर बसून एकदा बघा. आमच्या घरी तसं कोणी बसलं नाही. आता बसून काही उपयोगही नाही. वकीलसाहेबांनी नवा कोट घेतला आहे, आणि गल्लीतले लोक फाटलं की टाकून देतात.