सहीवर सही

क्लिपचा गंज कागदात मुरून एक लांबट तपकिरी वळ उमटला होता – दोन समांतर रेषा आणि टोकाला बाक – आणि अंगठ्याने घासूनही तो जात नव्हता. ऑर्विनला आधी तो वळच दिसला, मग त्याखालचे निळे, ताठ अक्षर. ते कुणाचे हे वाचावे लागले नाही. एकोणीस वर्षांत हे पत्र त्याने कितीदा तरी पुस्तकांच्या मागे सारले होते, घराला रंग देताना खोक्यात भरले होते, पुन्हा बाहेर काढले होते... उत्तर तेवढे दिले नव्हते.

खरे तर तो दुसरेच काही शोधत होता. प्रश्नावली आजच्या टपालाने जायला हवी होती. दर काही वर्षांनी देशभरातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे ती येई – एकेका राष्ट्राध्यक्षाला दहापैकी गुण द्या. कारभाराला इतके, धैर्याला इतके, नैतिक वजनाला इतके – आणि मग पहिला कोण, शेवटचा कोण, अशी यादी वर्तमानपत्रांत झळके. आयोवातल्या लहानशा कॉलेजातून निवृत्त होऊन बारा वर्षे झालेल्या माणसाला ती अजून का पाठवतात, हे ऑर्विनला कोडेच होते. बहुधा नाव काढून टाकायचे कुणाच्या तरी ध्यानात आले नसावे. तरी तो ती मन लावून भरी, आधी पेन्सिलीने, मग शाईने. आज एकाच ओळीपाशी पेन्सिल अडली होती. मागच्या वेळी आपण या माणसाला किती दिले होते ते पाहावे म्हणून त्याने जुनी टिपणे उपसली. सापडली ती अशी – पहिल्या खेपेला दोन, मग तीन, मग पाच. ज्याला लोकांनी शिव्या देत घरी पाठवले, ज्याच्या युद्धाचे नाव काढताच अजून जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते, तो माणूस मेल्यानंतर थडग्यात पडल्या पडल्या सुधारत चालला होता... की आपणच मऊ पडत चाललो आहोत?

पत्र हल्डा ब्रेकी नावाच्या बाईचे होते, शेजारच्या गावची, शेतकऱ्याची विधवा. तिथल्या वाचनालयात ऑर्विनने एकदा भाषण केले होते. भाषण कसले, घाम पुसत वाचलेले कागद. शेवटी कुणीतरी विचारले, की त्या युद्धाचे खापर राष्ट्राध्यक्षाच्याच माथी मारायचे का, आणि ऑर्विनने चष्मा काढून, शहाण्या माणसासारखे, म्हटले होते, इतिहास निवाडा करील, जरा धीर धरा. आठवड्याने हे पत्र आले.

‘तुम्ही धीर धरा म्हणालात. मी शहात्तर वर्षांची आहे. माझा लायल त्या युद्धात गेला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. राष्ट्राध्यक्षांनी मला स्वतःच्या सहीचं पत्र पाठवलं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यांचा फोटो मी लायलच्या फोटोशेजारी लावला आहे. माझे दीर म्हणतात, ज्यानं पोराला मरायला धाडलं त्याला भिंतीवर कशाला ठेवतेस. तुम्ही शिकलेले आहात. इतिहास काय म्हणणार ते मला आधी कळवा. काढायचा असेल तर माझ्या हातानं काढीन.’

काय कळवणार होता तो? त्या राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रे अजून संशोधकांसाठी बंद होती. कागद पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, हा त्याचा धर्म होता. वर्गात पोरांना तो हेच सांगे, आणि न पाहता लिहिणाऱ्यांना नापासही करी. कागद उघडले की लिहू. आठ वर्षांनी ते उघडले. ऑर्विन गाडी घेऊन त्या दफ्तरखान्यात गेला, स्वस्तातल्या मोटेलात नऊ दिवस राहिला, खोक्यांमागून खोकी वाचली, आणि आठव्या दिवशी त्याच्या हाती राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीतली एक साधी सूचना लागली: मृत सैनिकांच्या घरी जाणाऱ्या पत्रांवर, वेळ नसेल तेव्हा, सही यंत्राने करावी. खाली यंत्राच्या सहीचा नमुना. त्याने त्याची प्रत काढून घेतली. घरी येऊन ती हल्डाच्या पत्राला त्याच क्लिपने लावली.

वेळ नसेल तेव्हा. म्हणजे एखाद्या पत्रावर असेलही हाताची... पडताळणे तर किती सोपे होते. माणूस एकच सही दोनदा हुबेहूब करत नाही, यंत्र करते. दोन कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरायचे, बस. अकरा वर्षे त्याने ते धरले नव्हते. आधी कागद नव्हते म्हणून गप्प, आणि मग कागद होते म्हणून.

“गुण वाटून झाले का?” त्याच्या बायकोने, आर्डिसने, दारातून विचारले. तिने चर्चला घालायचे रविवारचे बूट पुसायला काढले होते. त्याच्याकडे न बघताच तिला कळत होते की तो पेन्सिल धरून नुसता बसला आहे. “बिचारे. मेले तरी तुझ्या परीक्षेतून सुटका नाही.”

तो हसला. पत्रावर हात ठेवला गेला होता, तो त्याने उचलला नाही.

दहा वाजता तो रोजच्यासारखा कोपऱ्यावरच्या कॅफेत गेला. बियाण्यांचे दुकान मुलाला देऊन मोकळा झालेला क्लिफर्ड आधीच दालचिनीचा रोल पुढ्यात घेऊन बसला होता. प्रोफेसर आला की निकालाची चौकशी करायची, हा त्याचा जुना चाळा. आज प्रश्नावलीबद्दल ऐकून तो त्या राष्ट्राध्यक्षावरच घसरला. आपल्या थोरल्या भावाचा पाय त्याच्यामुळे गेला, असे तो म्हणाला. मग कॉफी ढवळून म्हणाला, की नदी साफ करायचा कायदाही त्याचाच, आणि त्याच भावाने आयुष्यभर त्या नदीत मासे धरले. ऑर्विनने विचारले, भाऊ स्वतः काय म्हणे? क्लिफर्ड म्हणाला, मासा लागला की काही म्हणत नसे.

मग, जाता जाता सांगावे तसे, त्याने सांगितले की त्याची बहीण ज्या वृद्धाश्रमात आहे तिथे सध्या गंमत चालली आहे. “ती ब्रेकीबाई आहे ना, पंचाण्णवची? भिंतीवर दोनच फोटो. एक पोराचा, एक त्या राष्ट्राध्यक्षाचा. खोलीतल्या दुसऱ्या म्हातारीनं तक्रार केली, मला हा डोळ्यांसमोर नको म्हणून. आता ती दिवसभर खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसते. आणि ब्रेकीबाई सगळ्यांना सांगते, एका प्रोफेसराचं पत्र यायचंय. आलं की ठरवू.”

ऑर्विनने अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि तो उठला. क्लिफर्डला काही कळले नव्हते, किंवा चांगलेच कळले होते; आयोवातली माणसे अशीच बोलतात, हवापाण्याबद्दल बोलावे तशी.

यायचंय. आलं की... ती म्हातारी झाली असेल, विसरली असेल, गेलीही असेल, अशा किती पळवाटा त्याने स्वतःसाठी काढून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही उरली नाही. घरी येताना त्याला तिचा राग आला. मग तो राग खरे तर कुणावर आहे ते ध्यानात आले, आणि तो भर रस्त्यात थांबला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन होते. त्याने तिने जोडलेली राष्ट्राध्यक्षाच्या पत्राची प्रत काचेवर धरली, तिच्यावर नमुना ठेवला आणि हळूहळू सरकवला. पहिल्या अक्षराचा फाटा फाट्यावर बसला. मधला वळसा वळशात गेला. शेवटची लांब शेपटी, जिथे पेन किंचित अडखळल्यासारखे वाटे, तिथे दोन्हीकडे सारखेच अडखळले होते. दोन सह्यांची एक सही झाली. हात दुखेपर्यंत तो तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात पुरावा जुळला की छातीत काहीतरी उडी मारी. आज काही उडाले नाही. सहीच्या वरची ओळ मात्र उन्हात पुन्हा वाचली गेली: ‘तुमचा लायल नुसत्या आवाजावरून कुणाचा ट्रॅक्टर आहे ते ओळखत असे, असं मला कळलं.’ असली ओळ यंत्राला कुठून सुचणार? मग कुणाला? एखाद्या कारकुनाने पलटणीत फोन करून विचारले असेल. किंवा तो स्वतःच, झोप न येणारा, नावडता, थोराड माणूस... त्या खोक्यांत याचे उत्तर नव्हते. त्याने पाहिले होते.

“आर्डिस,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिला सगळे सांगितले. सांगताना शेवटी म्हणाला, की या वयात तिला हे कळवणे म्हणजे दुष्टपणा. चांगलेसे काहीतरी लिहावे, दोन ओळी, फोटो राहू द्या म्हणून.

आर्डिस हातातला बूट घेऊनच खुर्चीत बसली.

“तिनं वीस वर्षांचा पोरगा पुरलाय, ऑर्विन. तिनं तुला प्रश्न विचारला, औषध नाही मागितलं.” मग मऊ आवाजात म्हणाली, “आणि उशीर झाला त्याची माफी पहिल्याच ओळीत माग. तू ती शेवटी टाकतोस, तळटिपेत.”

त्याने तीन कागद फाडले. चौथ्यावर माफी पहिल्या ओळीत आली. पुढे त्याने लिहिले: ‘सही यंत्राची आहे. मी आज पडताळून पाहिली. अकरा वर्षांपूर्वी पाहायला हवी होती. ट्रॅक्टरची ओळ मात्र कचेरीतून गेलेल्या, मी वाचलेल्या दुसऱ्या एकाही पत्रात नाही. ती कुणी लिहिली ते मला ठाऊक नाही. त्या माणसाला मी एकदा दोन गुण दिले, एकदा तीन, एकदा पाच, आणि दर वेळी मला वाटलं, इतिहास बोलतोय. तो मीच होतो. धीर धरा, असं तुम्हाला म्हणण्याचा मला हक्क नव्हता. तुमच्या भिंतीवर काय असावं ते मला सांगता येत नाही. पण लायल कुणाकुणाचे ट्रॅक्टर ओळखायचा, हे कधी सांगितलंत तर मला ऐकायला आवडेल.’

शेवटचे वाक्य त्याने खोडले. मग तेच पुन्हा लिहिले.

टपाल न्यायचे आहे हे कळावे म्हणून फाटकाशी टपालपेटीचा लाल झेंडा उभा करायची वेळच आली नाही. टपाल वाटणाऱ्या जोलीनची गाडी दिसली आणि त्याने पाकीट सरळ तिच्या हातात दिले. “वृद्धाश्रमात? उद्या पोचेल बघा,” ती म्हणाली. गाडी वळणावर गेली तेव्हा त्याला वाटले, हाक मारावी, परत मागावे, यंत्राचे वाक्य तरी खोडावे... त्याने हाक मारली नाही. प्रश्नावली टेबलावरच राहिली होती, तीही आजच जायची होती.

उद्या मंगळवार. कुणीतरी तिला वाचून दाखवील, की ती स्वतः वाचील? चष्मा लावून, दोनदा? बुधवारी लिहायला बसली तर गुरुवारी, शुक्रवारी... आणि नाहीच लिहिले तर? तो फाटकाला हात टेकून उभा होता आणि दिवस मोजत होता, आणि आपल्याला ती दहापैकी किती गुण देईल हा विचार, निकालाआधी शाळकरी पोराला छळावा तसा, त्याला छळत होता. तो काही केल्या जाईना. आणि आश्चर्य म्हणजे, जावा असेही त्याला वाटेना.