मार्थाबाईचं मागणं

चैत्रातल्या दुपारी कडुलिंबाच्या मोहराचा गंध अंगणभर साचलेला असायचा, आणि त्यातून वाट काढत मार्थाबाईच्या कार्बोलिक साबणाचा वास आधी ओसरीवर यायचा, मागून ती. पांढरं पातळ, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, आणि पावलांना आवाज म्हणून नाही. मला बाई, आवाज न करता येणाऱ्या माणसांचा पहिल्यापासून भरवसा नाही.

आमच्या धावडा गावात नुकता कुठं पहिला टीव्ही आला होता, त्या वर्षी माझ्या सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. गावाबाहेर चर्चजवळ राहणारी ही एकटी बाई न बोलावता आली, आणि रोज येत राहिली. ज्या सासूबाईंनी हयातभर तिच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतलं, आमच्या माठावर तिची सावली पडू दिली नाही, त्यांचीच पाठ ती कोमट पाण्यानं पुसायची, केसांतली जट बोटांनी सोडवायची. का? फुकट कोण कुणाचं करतं हो? मी ओळखून होते. म्हातारीला शेवटच्या घडीला गाठायचं, कानात येशूचं नाव घालायचं आणि बाटवायचं! आमचं माणूस दुसऱ्याच देवाच्या पदरी गेलं असतं, तर गावाला तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून मी दाराआड उभी राहायची. तिची पिशवीही चाचपली. पुस्तक निघेल वाटलं, निघाल्या जुन्या पातळाच्या घड्या आणि एक कंगवा.

एकदा शेतातून यायला मला उशीर झाला. बघते तर सासूबाईंचं डोकं तिच्या मांडीवर, दोघींचेही ओठ सुकलेले, आणि हाताच्या अंतरावर माठ गच्च भरलेला. पाणी काढून द्यायला घरात कुणी नव्हतं, म्हणून या बाईनं माठाला हात लावला नव्हता. शेवटी सासूबाईंनीच डाव्या हातानं तिचं मनगट धरून माठाकडं ओढलं. "घे गं," जड जिभेनं त्या एवढंच म्हणाल्या.

माझा नुसता जळफळाट झाला. "तुला पाहिजे तरी काय आमच्याकडून?"

चमच्यानं पाणी पाजता पाजता ती म्हणाली, "देवानं मला जवळ केलं ते काय माझी लायकी बघून न्हाई, वैनी. मंग मी कुणाची कशाला बघू?"

बोलणं मोठं गोड. त्यानं मी जास्तच सावध झाले.

वैशाखातल्या एका सकाळी सासूबाईंचा श्वास अडखळू लागला. खिडकीतलं ऊन त्यांच्या कपाळावर हळदीसारखं पसरलं होतं, आणि मार्थाबाई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकली होती. आता! मी धावलेच. तिनं मान वर केली.

"तुळशीचं पान आणा, वैनी, जल्दी. आन् गोदामायचं पाणी. माय मागून राह्यल्या."

शहागडच्या घाटावरून आणलेलं पाणी देवघरात होतं. मी ते तोंडात सोडलं, रामाचं नाव घेतलं. तोवर ती मागं सरकून भिंतीला टेकली होती, डोळे मिटून. ओठ हलत होते, पण शब्द एकही ऐकू आला नाही.

तेराव्यानंतर मी वाट बघितली. आता येईल, आता काहीतरी मागेल. ती आली ती शेजारच्या बाळंतिणीला न्हाऊ घालायला. आमच्या दारावरून हसून पुढं गेली. मग काही वर्षांनी तीही गेली, चर्चमागच्या मातीत निजली. चैत्र येतो, लिंब मोहरतो, आणि रिकाम्या ओसरीवर कुठूनसा तो साबणाचा वास येतो. तिचं मागणं तेवढं अजून आलेलं नाही, आणि माझं दाराकडं बघणं काही सुटलेलं नाही.