पूर्वेकडचे स्लॅब

थोरलीने स्लॅबमधून ड्रिलने काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा हातोडीने उभा फोडला, फोडीवरची धूळ फुंकरीने उडवली आणि बाटलीतला बिनरंगी द्रव तिच्यावर फवारला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडेचा बोटभर पट्टा सोडून सगळी फोड गुलाबी झाली.

"पास," ड्रिलवाला म्हणाला. "मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेताय. सगळे पासच होणार. तुमचे वडील मुकादम होते ना या बांधकामावर?"

"काँक्रीट कोणाचे वडील बघत नाही," ती म्हणाली आणि तुकड्यावर खडूने खूण केली. जरा जोरातच केली. खडू मोडला.

गुलाबी म्हणजे काँक्रीट आतून ठणठणीत, पोटातल्या सळया गंजापासून सुरक्षित. रंग न चढता जे राखाडीच राहतं, त्याने सळयांना सांभाळणं सोडून दिलेलं असतं. सकाळपासून तिने फोडलेला प्रत्येक तुकडा गुलाबी झाला होता, आणि दर खेपेला तिचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला होता.

पलीकडे विमा कंपनीची जुनी इमारत उतरवत होते. ती पाडत नव्हते, कापत होते. करवतीचं मोठं पातं पाणी उडवत फिरायचं, स्लॅबचा चौकोन सुटा व्हायचा, क्रेन त्याला अलगद उचलून मैदानात लाकडी ओंडक्यांवर आणून ठेवायची. हे चौकोन गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नव्या शाळेचं छत होणार होते. धडधाकट काँक्रीटचा चुरा करायचा आणि त्याच मापाचं नवं ओतायचं, हा कुठला शहाणपणा, असं त्या शाळेच्या आर्किटेक्टने भर सभेत विचारलं होतं. ते सगळ्यांना पटलं, वर्तमानपत्रात फोटोही आला. ती आर्किटेक्ट म्हणजे थोरलीची धाकटी बहीण.

दोघी एकच शिकल्या होत्या. गुण थोरलीचेच जास्त. पण धाकटी कोऱ्या कागदासमोर बसली की कागद भरायचा आणि थोरली बसली की कागद तिच्याकडे नुसता बघत राहायचा. शेवटी थोरली प्रयोगशाळेत लागली, दुसऱ्यांनी केलेलं तपासायला. त्याचं तिला वाईट वाटत नसे. निदान ती तसं सांगे.

खरं दुखत होतं ते घरात. बाबा तिच्याकडे राहत. त्यांच्या गोळ्या, त्यांची अंघोळ, जेवताना लागणारा त्यांचा ठसका, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी धाकटी वाऱ्यासारखी यायची, खुर्ची ओढून बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची.

"बाबा, तुमचे स्लॅब आहेत हे," मागच्या वेळी ती म्हणाली होती. "तुम्ही उभं राहून ओतून घेतलेले. आता त्यांच्याखाली पोरं शिकणार."

बाबा ताठ बसले होते. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेही स्वतःच्या हाताने. थोरली स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभी होती. भांडं केव्हाच कोरडं झालं होतं. इतक्या वर्षांत आपल्याला एवढं एक वाक्य कसं सुचलं नाही, याचा तिला इतका राग आला की धाकटी निघताना ती दारापर्यंतही गेली नाही.

"हा पूर्वेकडचा," ड्रिलवाल्याने नवा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

तिने फोडला, फुंकला, फवारला. वाट पाहिली. फोड ओली झाली, चकाकली, आणि राखाडीच राहिली. मधोमध नाण्याएवढा गुलाबी ठिपका उमटला, तोही फिकट. कडेला सळईचं टोक होतं, त्याच्याभोवती तपकिरी गंजाचं कडं.

आणि तिला बरं वाटलं.

ओठ हसायच्या बेतात आहेत हे कळताच तिने हाताने तोंड झाकलं आणि धूळ गेल्यासारखी खोकली.

"दुसरा काढ," ती म्हणाली.

दुसराही तसाच निघाला. मग शेजारचा स्लॅब. मग त्याच्या शेजारचा. पूर्वेच्या बाजूला वर्षानुवर्षं गच्चीवरच्या टाकीचं पाणी मुरत होतं, ते आत कुठवर पोचलंय हे आता एकेका तुकड्यात दिसत होतं. पहिला आनंद ओसरल्यावर मात्र ती हातोडी घेऊन स्लॅबवरून ठोकत ठोकत चालली, एखादा तरी खणखणीत वाजावा म्हणून. मघापर्यंत जे नापास व्हावेत म्हणून ती मनातल्या मनात टपून बसली होती, ते आता पास व्हावेत म्हणून तिचा जीव तुटत होता. स्लॅब बद्द वाजत राहिले.

दुपारी तिने प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन लावला.

"पूर्वेची बाजू दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, साहेब. आर्किटेक्ट माझी बहीण आहे. बरं दिसत नाही."

"हे आज आठवलं होय?" साहेब हसले. "मी आधीच म्हटलं होतं त्यांना. त्या ऐकेनात. तुमच्याशिवाय दुसरं कोणी नको म्हणाल्या. आता मी काय करू?"

संध्याकाळी धाकटी आली. डोक्यावर हेल्मेट, पायात चिखलाचे बूट, हातात दोघींसाठी चहाचे कागदी कप. थोरलीने फोडलेले तुकडे एका फळीवर ओळीने मांडून ठेवले होते. काही सांगावं लागलं नाही. धाकटीने कप खाली ठेवले, एक राखाडी तुकडा उचलून पाहिला, मग दुसरा.

"पूर्वेचे सगळे?"

"सगळे. इतर बाजूंचे चांगले आहेत. उत्तम आहेत."

धाकटीने तुकडा परत फळीवर ठेवला. पूर्वेच्या लांब स्लॅबवर शाळेचं मोठं सभागृह बेतलं होतं, मधे एकही खांब नसलेलं. फोटो त्याच्याच चित्राचा आला होता.

"म्हणजे सभागृह गेलं," ती म्हणाली. "बरं. हे इथेच भरडून घेऊ. शाळेच्या अंगणात भरावाला चालतील ना?"

"भरावाला चालतील." थोरलीला हे इतक्या लवकर संपायला नको होतं. "एकदा दुसऱ्याकडून तपासून घे."

"कशाला?"

"घे म्हणते ना."

"अगं, पण कशाला? तू तपासलंस ना?"

थोरलीने फळीवरचा एक तुकडा सरळ केला, जो आधीच सरळ होता.

"मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "पहिला राखाडी निघाला तेव्हा. हसायला आलं मला."

क्रेन थांबली होती. करवतही. धाकटीने हेल्मेट काढलं, केसांतून हात फिरवला.

"माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"म्हणूनच तुझं नाव दिलं मी. बाकी सगळे ते चित्र बघून भारावून जातात गं. कौतुक करता करता तपासतात. त्यांच्या हातून एखादा स्लॅब निसटला असता. आणि वर पोरं असती बसलेली... म्हणजे खाली." ती स्वतःच्याच चुकीवर ओझरतं हसली. "तू कधी भारावली नाहीस. माझं कुठे चुकतंय हे तू शोधून काढणार, याची मला खात्री होती. आणि नसलेलं तू लिहिणार नाहीस, याचीही."

थोरलीची कानशिलं तापली. इतकी वर्षं जे तिने भांडी पुसत, दारं लावून घेत लपवलं होतं, ते धाकटीला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तिने ते कामाला लावलं होतं. इथेही ती एक पाऊल पुढेच. असं कसं सुचतं हिला, हा जुनाच प्रश्न थोरलीच्या मनात पुन्हा उठला आणि तितकाच टोचला.

"चहा गार होतोय," धाकटी म्हणाली. "बाबांना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

घरी पोचल्यावर तिने बाबांना वाढलं, आवरलं, आणि वाळलेले कपडे पलंगावर घेऊन बसली. खरं म्हणजे सांगायचं वाक्य तिने वाटेतच तयार केलं होतं. त्याला एक बारीकशी धार होती, तीही तिला माहीत होती.

"बाबा, तुमचे पूर्वेकडचे स्लॅब नाही लागणार शाळेला. गंजलेत आतून." मग तिच्याच्याने राहवलं नाही. "तुमची चूक नाही त्यात. वरच्या टाकीचं पाणी मुरलं."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "छोटी रडली का?"

अपेक्षित होतं. तरी लागायचं ते लागलंच.

"नाही. ती कशाला रडतेय? तिला लगेच दुसरं काहीतरी सुचलं."

"तिला सुचतं," बाबा म्हणाले.

"हो. सुचतं तिला."

तिने चादर हातात घेतली, कोपऱ्याला कोपरा जुळवला. बाबा तिच्या हातांकडे बघत होते.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू रडलीस का?"

चादरीची घडी वाकडी आली होती. तिने ती पूर्ण उलगडली आणि कोपरे शोधत पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.