एका बाईची साक्ष

रुकय्याखालानं ते जेवताना सांगितलं. मुदस्सिर वरूडहून सुट्टीवर आला होता, ताटात वांग्याचं भरीत होतं, आणि तहूरा तव्यावरची भाकरी उलटत होती.

"एक गोष्ट तुमाले सांगाची राहून गेली," खाला लेकाला म्हणाली. "तू अंगावर पीत होता तवा मले कावीळ झालती. दवाखान्यात होती मी. कनीज तुले घेऊन आलती. तू लय रडून राहिला होता, म्हणून तिनं माह्या खाटेपाशी बसून तुले आपलं दूध पाजलं."

मुदस्सिरनं घास खाली ठेवला. तव्यावरची भाकरी करपली.

कनीज म्हणजे तहूराची आई, रुकय्याची सख्खी धाकटी बहीण. त्यामुळे रुकय्या तहूराची आधी मावशी होती, आणि लग्नानंतर सासू. मावसभावंडांचा निकाह मुसलमानांत चालतो. एकाच बाईचं दूध प्यालेल्यांचा चालत नाही. शरियतमध्ये दूध पाजणारी बाई पिणाऱ्याची आई होते, तिची पुढची-मागची सगळी मुलं त्याची भावंडं होतात. असा निकाह झालेला असला, तरी झाला असं धरत नाहीत. कनीज तहूराच्या लग्नाआधीच वारली होती.

"मंग लग्नाच्या वक्ती काहून नाई सांगितलं?" तहूरानं विचारलं.

"आठवलंच नाई, बेटा. मी थोडीच तुह्यासारखी बीएस्सी शिकली."

खरं कारण तहूराला माहीत होतं. मुदस्सिर वरूडला ज्या व्यापाऱ्याकडे संत्र्याच्या गाड्या भरून घ्यायचा, त्याची मुलगी नवऱ्यापासून सुटून माहेरी आली होती. व्यापारी सवतीवर मुलगी द्यायला तयार नव्हता. मुदस्सिरनं तहूराला खुला मागायला सांगून पाहिलं, म्हणजे निकाहात नवऱ्यानं कबूल केलेली मेहर तिनंच सोडायची आणि सुटका मागायची. ती नाही म्हणाली. एका दमात तीन तलाक म्हटले तर आता तुरुंग आहे. रीतसर महिन्या-महिन्यानं दिला तर मधल्या काळात दोन्हीकडची वडीलधारी माणसं येऊन बसणार, आणि कारण विचारणार. सांगण्यासारखं कारण त्याच्याकडे नव्हतं.

आणि तहूराला तो हवा होता. का, याचं स्वतःला पटेल असं उत्तर तिला सापडलं नव्हतं. पातूरच्या लेण्यांकडच्या रस्त्यावर त्यानं तिला गाडी शिकवली होती, आणि ती पडली तेव्हा हसला नव्हता. एवढ्यावर कोणी कोणाला धरून ठेवत नाही, हे तिला कळत होतं. तरी हवा होता.

अकोल्यातल्या ज्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची, तिथं तिनं हे भावनाला सांगितलं. भावना शेजारच्या यंत्रावर बसायची.

"याची काई टेस्ट नसते का व?" भावनानं विचारलं.

"रक्ताचं नातं तपासता येतं. दुधाचं नाही. दूध पोटात पचतं, प्रथिनं तुटतात, इतक्या वर्षांनी शोधायला काही उरत नाही."

"म्हणजे तुही सासू म्हणेल ते खरं."

"तसंच काही नाही. पुरावा लागतो."

"मले त लहानपणी बकरीचं दूध पाजत होते," भावना म्हणाली. "आता मटण खाऊ का नको ते विचारून ये तुह्या मौलानाले."

तहूरा हसली. मग चहाच्या सुट्टीत मोबाईलवर फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, जुन्या ग्रंथांची उर्दू भाषांतरं वाचत बसली, परीक्षेला बसल्यासारखी. कोकणातले बरेच मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात पाच वेळा पाजलेलं असावं लागतं. वऱ्हाडातले हनफी, इथं एक घोट पुरतो. पण तो घोट सिद्ध व्हायला दोन पुरुष साक्षीदार हवेत, किंवा एक पुरुष आणि दोन बाया. एकट्या बाईच्या सांगण्यानं सिद्ध होत नाही. कॉलेजात असताना बाईच्या साक्षीच्या या नियमावर ती तावातावानं भांडायची. आता तोच नियम तिनं पुन्हा पुन्हा वाचला, आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं. त्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य अर्धवट होतं. पुढचं पान स्कॅन करताना सुटलं होतं.

मुफ्ती साहेब अमरावतीला एका मदरशात बसायचे. तरुण होते, चष्मा लावायचे, आणि समोरचा बोलत असताना मध्ये बोलत नसत. खाला आणि मुदस्सिर एका बाजूला बसले, तहूरा आणि तिचा भाऊ तौसीफ दुसऱ्या. खालानं सगळं सांगितलं. डोळ्यांनी पाहिलं म्हणाली.

"आणखी कोणी पाहिलं?" मुफ्तींनी विचारलं.

"नाई. मी अन कनीजच होतो."

"तुमी काई सांगाल, बेटी?"

"माझं लग्न अम्मीनंच ठरवलं होतं," तहूरा म्हणाली. "आजारी असताना. खालाच्या घरी स्वतः जाऊन. जिनं ज्या मुलाला दूध पाजलं, ती त्यालाच आपली मुलगी कशी देईल? अम्मी नमाज चुकवत नव्हती. हे ती विसरली असती का?"

मुफ्तींनी मान हलवली. "दलील वजनदार हाय." ते खालाकडे वळले. "एका औरतच्या बोलण्यानं दुधाचा रिश्ता साबित होत नाई. निकाह कायम हाय. दिलात शंका असंल त अलग राहणं बेहतर, पण तसा हुकूम नाई."

खालाचं तोंड उतरलं. मुदस्सिर मोबाईल पाहत होता. तौसीफ उठला, दारापाशी जाऊन चपला शोधू लागला.

तहूरा उठली नाही. लॅबमध्ये एक शक्यता तपासायची राहिली असली, तर रिपोर्ट बाहेर जात नाही.

"मुफ्ती साहेब," ती म्हणाली, "सांगणारी एकच बाई असेल, पण नवऱ्यानं तिचं खरं मानलं, तर?"

मुफ्तींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा सवाल कोणी विचारला नव्हता, बेटी."

"पुस्तकात ते पान नव्हतं."

"विचारला, आता जवाब देणं भाग हाय. शौहरनं खरं मानलं अन त्या बोलण्यावर कायम राहिला, त त्याचं कबूल करणं त्याच्यावर लागू होते. मंग दोघायनं अलग होणं वाजिब हाय, म्हणजे भागच हाय. मेहर द्यावी लागते."

"बायकोनं मानलं नाही तर?"

"त्यानं फरक नाई पडत."

"आणि उलट? बायकोनं मानलं, नवऱ्यानं नाही?"

"मंग निकाह कायम राहते."

एकच साक्ष, एकच घोट, आणि उत्तर कोण मानतो यावर. हे ती मनात मांडतच होती, तेवढ्यात मुदस्सिरनं मोबाईल खिशात ठेवला.

"मले यकीन हाय," तो म्हणाला.

तौसीफ दारापाशी मागं वळला.

"सोचून बोला," मुफ्ती म्हणाले. "अल्लाले हाजिर जाणून. झूट असंल त गुनाह तुमच्या मानेवर. अन एकदा कायम राहिले त मागं फिरता नाई येत."

"अम्मी झूट बोलत नाई. मले यकीन हाय."

मुफ्तींनी पुन्हा एकदा विचारलं. त्यानं तेच सांगितलं. एका बैठकीत तीन वेळा एकच वाक्य, आणि या तीन वेळांना कुठला कायदा लागत नव्हता.

"तुले शरम नाई काय?" तौसीफ दारातून म्हणाला. त्याच्या एका पायात चप्पल होती.

"आता तू त माहा दूधभाऊ निघाला, तौसीफ," मुदस्सिर म्हणाला. "भावाले असं बोलतेत काय?" मग मुफ्तींकडे वळून त्यानं आदबीनं विचारलं, "मुफ्ती साहेब, ते घरी राहू शकते का? म्हणजे, बहीण म्हणून?"

"बहीण असंल त परदा नाई लागत. पण आजपर्यंत तुमचं काय होतं ते पाहता, अलग राहाव."

"परदा नाई लागत," खालानं लेकाला पुन्हा सांगितलं. उरलेलं तिनं ऐकलं नसावं.

बाहेर तौसीफ म्हणाला की कोर्टात जाऊ, मुफ्तीचा फतवा म्हणजे काही कोर्टाचा हुकूम नव्हे. तहूरानं विचारलं, कोर्टात नेमकं काय सिद्ध करायचं? की अम्मीनं पाजलं नाही? न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? तौसीफ पाण्याची बाटली आणायला गेला.

एसटी स्टँडवर खाला बाकावर बसून संत्रं सोलत होती. वरूडचंच होतं, मुदस्सिरनं आणलेलं. तहूरा तिच्यासमोर उभी राहिली.

"खाला, आता तरी सांग. अम्मीनं पाजलं होतं?"

खालानं एक फोड तोंडात टाकली, बी बाजूला थुंकली.

"पाजलंही असंल. कोनाचंही लेकरू रडलं की घेत होती ते. मले आता नक्की नाई आठवत."

"मंग तू मुफ्तींसमोर..."

"मी त नुस्ती बोलली, बेटा. माह्या बोलण्यानं काय झालं? काईच नाई, मुफ्तीनंच सांगितलं. यकीन त्यानं केलं. अन सवाल तुनं विचारला." तिनं उरलेलं संत्रं पुढं केलं. "घे. सकाळपासून काई खाल्लं नाई तुनं."

तहूरानं ते घेतलं नाही.

"राह्याची चिंता नको करू," खाला म्हणाली. "घर तुह्यच हाय. आता येणारी बड्या घरची. तिले का भाकरी थापता येते? तू राह्यशीन त माह्याही जिवाले बरं."

अकोल्याची गाडी लागली. तौसीफ मागच्या सीटवर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसला. तहूरा त्याच्याकडे निघाली होती, पण मधल्या गर्दीत अडकली. मुदस्सिरनं तिची बॅग हातातून घेतली, वर ठेवली आणि तिला खिडकीची जागा करून दिली. मग शेजारी बसला. गेले कित्येक महिने तो तिच्या शेजारी बसला नव्हता. घरी सोफ्यावरसुद्धा मध्ये उशी ठेवायचा.

"रडू नको," तो म्हणाला. ती रडत नव्हती. "हे पाय, आपल्याले का माहीत होतं? अनजानेत झालं. अल्ला माफ करते. काई लागलं त मले सांगत जाय. मी हाव ना, बहना."

तहूरा त्याच्याकडे वळली. चेहऱ्यात, आवाजात, पापण्यांत तिनं खोटेपणा शोधला, नमुना काचेखाली धरून पाहावा तसा. खोटं बोलताना तो अंगठ्याचं नख खायचा. हात मांडीवर शांत होते. मदरशातून स्टँडपर्यंतच्या वाटेत कुठंतरी त्याचा खरोखरच विश्वास बसला होता.

"हलकं वाटून राहिलं आज," तो म्हणाला, आणि कंडक्टरला हात केला.